कमोडखालचा जुना ट्रॅप: बिलात काढला, जागेवर तसाच

म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरले की घरात विषय निघतो: जुनं भांडं काढून कमोड बसवू. लातूर, बीड, परभणीकडच्या जुन्या घरांत या कामात होणारी एक फसवणूक ठरलेली आहे. एका घरचं बिल पाहा: जुना ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारं वळण) काढणे, चार इंची पाइप बदलणे, पॅन कनेक्टर (कमोड आणि पाइप जोडणारी रबरी नळी), मजुरी. महिनाभरात फ्लश केला की पाणी भांड्यात वर चढायचं, मग गडगड करत सावकाश उतरायचं. मिस्त्री म्हणाला, "टाकी भरली असेल." सेप्टिक टँक उपसून घेतला, त्याचे पैसे वेगळे गेले. गडगड तशीच.

शेवटी कमोड उचलला. बिलातलं एकही काम झालेलं नव्हतं.

जुन्या भांड्याचा ट्रॅप वेगळा असतो, जमिनीत पुरलेला. कमोडचा त्याच्या पोटातच असतो. खालचा न काढता वर कमोड ठेवला की एकामागे एक दोन ट्रॅप होतात. मधली हवा कोंडते, पाण्याला ओढ लागत नाही, मैला खालच्या ट्रॅपात बसून राहतो. हा जुना ट्रॅप काढायला कोबा फोडावा लागतो, मलबा उचलावा लागतो, म्हणून ही चोरी. मग सहा लिटरच्या फ्लशवर भागत नाही, वरून दोन बादल्या ओताव्या लागतात. 2016 साली ज्या लातुरात रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दोन बादल्या म्हणजे काय ते सांगायला नको.

कनेक्टरच्या जागी निघाली सुतळी आणि सिमेंट. फरशी वर घेतल्यामुळे पाइपाचं तोंड दोन इंच खाली राहिलं होतं. ते पाइपाचा तुकडा जोडून फरशीच्या पातळीला आणायला हवं होतं. ती पोकळी सिमेंटनेच भरलेली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात जोता थोडा तरी हलतोच. रबरी कनेक्टर तेवढं सोसतो, सिमेंटचा जोड तडकतो. आधी वास येतो, मग फरशीखालून भिंतीला ओल धरते.

पाइपही बदलताना पाहून घ्या. मैल्यासाठी 110 मिमीचा (म्हणजे चार इंची) टाइप बी लागतो, जाडी किमान 3.2 मिमी. टाइप ए 2.2 मिमीचा, पावसाच्या पाण्यासाठी. आयएस 13592 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप पाइपावरच छापलेलं असतं.

कमोड आणण्याआधी टाइल लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. एस-ट्रॅपचे, म्हणजे खाली जमिनीत तोंड असलेले कमोड बहुधा 9 किंवा 12 इंचाचे मिळतात. दोन-चार सेंटिमीटरचा फरक ऑफसेट (तोंड बाजूला सरकवलेला) कनेक्टर सांभाळतो. त्याहून जास्त असेल तर पाइपच सरकवावा लागतो, "बसवतो ओढून" हे ऐकू नका.

बसवायच्या दिवशी मिस्त्रीला थांबवून पाइपात टॉर्च मारा. खाली पाणी साचून चमकलं तर जुना ट्रॅप आतच आहे. कोरडा, उताराचा पाइप दिसला तर फोटो काढा आणि मगच कमोड ठेवू द्या. बसल्यावर फ्लशच्या टाकीत नीळ टाकून चार-पाचदा फ्लश करा, बुडाशी निळं पाणी येतं का बघा. मगच बुडाला व्हाइट सिमेंट, तेही मागच्या बाजूला दोन बोटं जागा सोडून, म्हणजे पुढे गळती झालीच तर तिथून दिसेल. "वास येईल, चारी बाजूंनी बंद करतो," असं मिस्त्री म्हणेलच. वास अडवायचं काम कनेक्टरचं आहे, सिमेंटचं नाही.