बेल बदलायचे ८,५०० रुपये! डोळ्यांदेखत लुटलं आम्हाला

दारावरची बेल बदलायला ८,५०० रुपये गेले. कॅमेरावाली नाही, वायफायवाली नाही. बटण दाबलं की टिंगटाँग वाजते ती साधी वायरची बेल. तीच बेल आमच्या गल्लीतल्या दुकानात ३५० रुपयांना आहे. डोंबिवली, कल्याण, ठाण्याकडे जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे नक्की वाचा, कारण ही टोळी जुन्या वायरिंगचीच भीती घालते.

गणपती तोंडावर आलेले, नेहमीचे इलेक्ट्रिशियन गावी गेलेले आणि बेल बंद. आईला कमी ऐकू येतं, दार वाजवलेलं तिला कळत नाही. सिलिंडरवाला तसाच परत गेला, तेव्हा मी नेटवर शोधून पहिला दिसलेला नंबर लावला. व्हिजिटचे २९९, बाकीचं ‘बघून सांगतो’. दोघं आले. ‘ताई’, ‘मावशी’ करत घरात शिरले. पुढे काय झालं ते सांगते.

हिशेब असा लावला: व्हिजिट २९९, बेल १,६५०, ‘जळालेली’ वायर बदलली म्हणून २५ मीटरचे १,७००, ट्रान्सफॉर्मर २,१५०, मजुरी २,८००. झाले ८,५९९. वरचे ९९ सोडले, उपकार केल्यासारखे. नंतर मी दुकानात विचारलं, तर १ स्क्वेअर एमएम वायरचं ९० मीटरचं अख्खं बंडल १,७८० रुपयांना होतं. मीटरचा भाव आधी विचारा, आणि वायर तुमच्यासमोर मोजून कापायला लावा.

एक क्षण मात्र डोक्यातून जात नाही. त्या दोघांतल्या एकाने हॉलमधली बेल भिंतीवरून उतरवली, वायरीच्या टोकाला टेस्टर लावला आणि मला बाहेर जाऊन बटण दाबायला सांगितलं. दार उघडंच होतं. मी बटण दाबलं आणि त्याच्या हातातला टेस्टर लाल पेटला. सोडलं, विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा पेटला. म्हणजे बटण चांगलं होतं, आणि बटणापासून बेलपर्यंत फेज, म्हणजे करंट, व्यवस्थित येत होता. बिघाड असलाच तर बेलमध्ये किंवा परतीच्या (न्यूट्रल) वायरीत होता, फेजमध्ये नाही. आणि हा माणूस टेस्टर खिशात टाकत म्हणतो, “ताई, फेजची वायर भिंतीत जळलीये. सगळी ओढावी लागणार.” जो दिवा मी पाहिला, तोच त्याला खोटं पाडत होता! पण टेस्टरचा अर्थ मला आता कळतो. तेव्हा तो कामाचा जाणकार आणि मी घरातली बाई, एवढंच समीकरण होतं.

‘समोर उभं राहून पैसे दिलेच कसे?’ असं नातेवाईक विचारतात. त्यांना काय जातंय विचारायला! मेन स्विच बंद, पंखे बंद, आई घामाने निथळतेय, बोर्ड उघडा, वायरी लोंबकळतायत आणि तो बजावतो, “असंच सोडून गेलो तर शॉर्ट सर्किट होईल, जबाबदारी तुमची.” त्या जागी कुणीही पैसे दिले असते. बोर्ड उघडण्याआधीच कामाचा आकडा लिहून घ्या. उघडल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

आमचे नेहमीचे इलेक्ट्रिशियन दादा गावाहून परतल्यावर त्यांनी सगळं उघडून दाखवलं. नवी वायर दोन्ही टोकांना वीतभर, जुन्या वायरीला पीळ देऊन वर टेप. पाइपात सगळी जुनीच वायर, ठणठणीत. ट्रान्सफॉर्मर म्हणून भिंतीवर ठोकलेल्या पांढऱ्या डबीच्या दोन वायरी बोर्डामागे नुसत्या कोंबलेल्या, कशालाच जोडलेल्या नाहीत! आपल्याकडची साधी बेल थेट २३० व्होल्टवर चालते, तिला ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या बेलना तो लागतो. कुणी साध्या बेलसाठी ट्रान्सफॉर्मरचं नाव काढलं की त्याला तिथूनच परत पाठवा.

जुनी बेल त्या दोघांनी ‘भंगारात टाकतो’ म्हणून पिशवीत घातली होती. दादा म्हणाले, आत एक कॉइल, एक लोखंडी दांडी, स्प्रिंग आणि दोन पट्ट्या असतात. पावसाळ्यात धुळीने दांडी अडकते, पुसली की पुष्कळदा वाजते. पुरावा गेला तो गेलाच. काढलेला भाग कधीही नेऊ देऊ नका.

आता पोलीस चौकीचं ऐका. आधी ‘साहेब राउंडवर आहेत’. मग म्हणे, “मॅडम, त्याने काम केलं, तुम्ही पैसे दिले. हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा.” न बदललेल्या वायरीचे पैसे घेणं हा वाद कसला? फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते मी सांगायचं का? साधा अर्ज घेऊन पोच द्यायलाही टाळाटाळ. वर, “आठ हजारासाठी कुठे फिरता?” आईच्या पेन्शनमधले आठ हजार आहेत ते! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. खातं कुणाच्या नावावर आहे, तेही सांगत नाही. ज्या साइटवर नंबर मिळाला ते म्हणतात, आम्ही फक्त यादी देतो, खात्री तुम्ही करायची. मग ‘व्हेरिफाइड’चा हिरवा टिळा कशाला लावता? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण तक्रारीत समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. तो मी कुठून आणू? नंबर बंद, पावती कच्ची, त्यावर ना जीएसटी नंबर ना पत्ता. ज्यांच्याकडे पत्ता काढायचे अधिकार आहेत, ते मलाच पत्ता विचारतात!

वायरमनचा परवाना दाखवायला सांगा, आढेवेढे घेतले तर दारातूनच निरोप द्या. यूपीआयवर पैसे टाकताना समोर येणारं नाव आलेल्या माणसाचं नसेल तर थांबा. आमच्या वेळी तिसऱ्याच कुणाचं नाव होतं. सोसायटीच्या गेटवर त्यांच्या गाडीचा नंबर लिहून घ्यायला लावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

साइटवरचा तोच फोटो आणि व्हिजिटचे तेच २९९ रुपये आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवर झळकतायत. या भागात कुणाकडे हे दोघं येऊन गेले असतील तर पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. पैसे एकाच खात्यात गेलेले निघाले तर आपण मिळून लेखी अर्ज देऊ, चौकीत नाही, थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे.