जोडीची पहिली स्की शर्यत: चाकोरीतून जायचं की चाकोरीबाहेरून?

क्रॉस-कंट्री स्कीच्या पहिल्या शर्यतीत नाव घातलं की जोडप्यात सगळ्यात जास्त बोलणं होतं ते सामानावर. स्की भाड्याने घ्यायच्या की विकत, हातमोजे जाड हवेत की पातळ, पाण्याची बाटली गोठली तर काय. "शर्यतीत आपण बरोबर राहायचं का?" हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर गृहीत धरलेलं असतं.

आम्हीही धरलं होतं. नवरा माझ्यापेक्षा वेगवान. तो प्रत्येक चढाच्या माथ्यावर माझी वाट बघत थांबायचा. मी धापा टाकत पोचले की "झालं? निघायचं?" म्हणून पोल (हातातल्या काठ्या) रोवून मोकळा. म्हणजे त्याची विश्रांती झालेली आणि माझी सुरूही नाही. बरं, त्यात त्याचंही भलं नव्हतं. उभं राहून अंगावरचा घाम गार पडलेला, मिशीवर बर्फाचे मणी, बोटं बधिर. दुसऱ्या पाणी-खाण्याच्या थांब्यावर कोमट सरबताचे पेले हातात घेऊन आमचं जे काही झालं, ते आजूबाजूच्यांना भाषा कळत नव्हती म्हणून निभावलं.

म्हणून हा आढावा मी त्या प्रश्नापासून सुरू करते. बरोबर राहायचं की नाही हे आधी ठरवा. शैली, अंतर आणि स्की कोणत्या, याची उत्तरं पुष्कळशी त्यातूनच निघतात.

क्लासिक की स्केटिंग

क्लासिक शैलीत यंत्राने बर्फात दाबून काढलेल्या दोन समांतर चरांमधून स्की सरकवायच्या असतात. गाडीच्या चाकांनी रस्त्यावर पडते तशीच ही चाकोरी, अगदी शब्दशः. हालचाल चालण्याच्या जवळची: उजवा पाय, डावा हात, मग उलट. सपाटीवर दोन्ही पोल एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलायचं, याला डबल पोलिंग म्हणतात.

स्केटिंगमध्ये चाकोरी नसते. दाबून गुळगुळीत केलेल्या रुंद पट्ट्यावर स्कीची टोकं बाहेर काढून, व्ही अक्षरासारखं एकेका स्कीवर तिरकं घसरत जायचं, बर्फावरच्या स्केटिंगसारखं. ही शैली तशी नवी. अमेरिकेच्या बिल कोकने 1982 मध्ये विश्वचषक मालिका जिंकली तेव्हा तिचा गाजावाजा झाला. ती इतकी वेगवान निघाली की जुनी शैली शर्यतींतून पुसली जाते की काय अशी भीती निर्माण झाली आणि दोन्हींचे प्रकार वेगळे करण्यात आले. 1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये दोन्ही स्वतंत्रपणे होते. क्लासिक शर्यतीत स्केटिंग केलं तर बाद करतात. उलट फ्रीस्टाइल, म्हणजे स्केटिंगला मुभा असलेल्या शर्यतीत तुम्हाला कुणी चाकोरीतून जायला हरकत घेत नाही.

आता जोडप्याच्या दृष्टीने पाहा. चाकोऱ्या शेजारी-शेजारी काढलेल्या असतात. मागच्या गटांत गर्दी विरळ झाली की सपाट भागात दोघं दोन चाकोऱ्यांतून बरोबरीने जाऊ शकता, बोलू शकता, एकमेकांचा चेहरा बघून कोण थकलंय हे ओळखू शकता. मागून कुणी "ट्रॅक!" म्हणून ओरडलं की एकाने दुसऱ्याच्या मागे जायचं, बस. स्केटिंग करणाऱ्याला मात्र स्की आणि पोल धरून ऐसपैस जागा लागते. दोघं शेजारी स्केट करू लागले की अख्खा रस्ता अडतो, आणि जरा जवळ आलात तर एकाच्या स्कीवर दुसऱ्याचा पोल पडतो. तिथे पुढे-मागेच राहावं लागतं, आणि मागच्याची लय पुढच्याशी जुळली नाही की तो सारखा आदळतो किंवा मागे पडतो.

दुसरा फरक चढावर कळतो, आणि नवख्यांसाठी तो पहिल्याहून मोठा आहे. क्लासिकमध्ये दम लागला तर चालता येतं. खरंच, नुसतं पाय उचलून चालायचं. चढ फारच तीव्र असेल तर टोकं फाकवून बदकासारखं वर जायचं, नियमात बसतं. स्केटिंगला असा खालचा गियर जवळपास नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की स्की घसरतच नाही, आणि तंत्र कच्चं असेल तर नाडी कपाळात ठोकायला लागते. चांगल्या बर्फावर निष्णात माणसाला स्केटिंग स्पष्टपणे वेगवान पडतं. पहिल्या हिवाळ्यातल्या माणसाच्या वाट्याला तो वेग कमी आणि दमछाक जास्त येते.

स्केटिंगच्या बाजूने बोलायचं तर स्की तयार करणं सोपं. पाय मागे सरकू नये म्हणून लावतात ते पकडीचं मेण नाही, फक्त घसरण्याचं. हवामान बिघडलं म्हणून सकाळी डोकं धरून बसायची वेळ येत नाही. आणि दोघांनाही रोलर स्केट किंवा आइस स्केटची सवय असेल तर माझा हा सगळा उपदेश अर्धा बाद समजा. उतारावरही मोकळ्या पट्ट्याचा फायदा असतो. क्लासिकमध्ये चाकोरी तुम्हाला वळणावर नेमकी नेते खरी, पण वेग वाढला की तिच्यातून बाहेर पाऊल टाकून ब्रेक लावायचा धीर यायला वेळ लागतो.

एकाने क्लासिक, दुसऱ्याने स्केटिंग करायचं? चालतं, पण मग मार्गात भेट होईल ही आशा सोडा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या अमेरिकन बिर्केबायनरसारख्या शर्यतीत दोन्ही शैलींचे मार्गच बराच काळ वेगळे जातात.

माझा कौल क्लासिकला. बरोबर राहायचं असेल तर ठामपणे, नसेल तरीही थोडासा.

अंतर

इथे पाटी घेऊन हिशेब करा. समजा एकाला किलोमीटरला 5 मिनिटं लागतात, दुसऱ्याला 6. सरावात हा फरक जाणवतही नाही. 20 किलोमीटरला शेवटी 20 मिनिटांचं अंतर पडतं. कपडे बदलून, काहीतरी गरम पिऊन होईपर्यंत दुसरा हजर. 90 किलोमीटरला तोच फरक दीड तासाचा होतो, आणि एवढा वेळ ओल्या कपड्यांत उभं राहून टाळ्या वाजवण्याइतकं प्रेम बहुतेकांकडे नसतं. माझ्या नवऱ्याकडे तर नाहीच.

90 चं उदाहरण उगाच नाही घेतलं. स्वीडनमधली सालेन ते मोरा ही वासालोपेत शर्यत एवढ्याच लांबीची आहे, 1922 पासून चालते, आणि स्कीची गोडी लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी तिची स्वप्नं पडतात. जोडप्यांनी तिच्याबद्दल एक माहीत करून घ्यावं. 1924 मध्ये मार्गिट नॉर्डिन या स्त्रीने ती पूर्ण केली, त्यानंतर स्त्रियांना बंदी घातली गेली, आणि ती उठली थेट 1981 मध्ये. म्हणजे नवरा-बायको दोघांच्या छातीवर क्रमांक, हे दृश्य या शंभर वर्षांच्या शर्यतीत तसं अलीकडचं आहे. पहिल्याच वर्षी 90 चा नाद करू नका. त्याच आठवड्यात त्याच मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात 30 आणि 45 किलोमीटरच्या शर्यती होतात, शेवटची मोरामधली कमान तीच. पूर्ण 90 च करायचे असतील तर "खुला मार्ग" या अर्थाच्या नावाची फेरी वेगळ्या दिवशी असते. मार्ग तोच, पण क्रमवारी नसते, त्यामुळे बरोबर राहणाऱ्यांना मागून येणारे कमी धक्के देतात.

स्वित्झर्लंडची एंगाडिन स्कीमॅरेथॉन 42 किलोमीटरची, 1969 पासूनची. सुरुवात गोठलेल्या तलावांवरून, त्यामुळे सपाट, आणि फोटो पाहून कुणीही भुलावं अशी. अर्ध्या अंतराचा पर्यायही आहे. पण गर्दी बहुतेक स्केटिंग करणाऱ्यांची, आणि जंगलातल्या उतारावर झाडांना गाद्या बांधलेल्या असतात यावरून तिथे काय होतं ते समजून घ्या. नॉर्वेच्या बिर्केबायनररेनेतमध्ये 54 किलोमीटर आणि प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी. "माझीही तू घे" ही सोय नाही.

पहिल्यांदा जात असाल तर 15 ते 30 किलोमीटरच्या मधलं काहीतरी घ्या. त्याहून कमी घेतलं तर शर्यत केल्यासारखं वाटत नाही, एवढंच.

बरोबर की आपापलं

बरोबर राहायचं ठरलं तर त्याचे नियम आदल्या रात्री ठरवा. आमची चूक "बरोबर" या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला ही होती. त्याच्या मते बरोबर म्हणजे माथ्यावर भेटणं, माझ्या मते बरोबर म्हणजे बरोबर.

यावर एकच उपाय खरा चालतो: हळू जाणाऱ्याने पुढे राहायचं. सायकलवाले हे जाणतात. पुढच्याने वेग ठरवला की मागच्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो, तो गार पडत नाही, आणि पुढच्याला सतत पाठीकडे पाहत पळावं लागत नाही. वेगवान जोडीदाराने तोंड बंद ठेवायचं हे मात्र कलम एक. "गुडघे वाकव" हे वाक्य त्या दिवसापुरतं निषिद्ध. उतारावर क्रम उलटा करा, जड माणूस पुढे, नाहीतर तो मागून येऊन तुमच्या स्कीवर चढेल.

सुरुवात गटागटाने होते आणि नवख्यांना मागचे गट मिळतात. एकाकडे आधीच्या शर्यतीची वेळ असल्याने त्याला पुढचा गट मिळाला असेल, तर बहुतेक ठिकाणी त्याला स्वखुशीने मागच्या गटात येता येतं. मागच्याला मात्र पुढे जाता येत नाही. मागच्या गटांत चाकोरी आधीच्या हजारो स्कींनी घासून गुळगुळीत झालेली किंवा कोसळलेली असते, हे गृहीत धरा. पहिल्या चढावर तुंबारा होतो आणि पोल मोडतात ते तिथेच, दुसऱ्याच्या स्कीखाली येऊन. पोल आखूड धरून, टोकं स्वतःजवळ ठेवून वर जा.

आपापलं जायचं ठरवणारे जास्त सुखी दिसतात, हे मी कबूल करते. दोघांना आपली शर्यत मिळते, आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायला दोन वेगळ्या गोष्टी असतात. तोटा एवढाच की कुणाची बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) तुटली, कुणी पडून मनगट दुखावलं तर दुसऱ्याला तासभर पत्ता नसतो. पडण्याची, थंडीची फार भीती वाटत असेल तर पहिली शर्यत बरोबर करा. भीती नसेल आणि दोघंही थोडे हट्टी असाल तर वेगवेगळी.

स्की: केसाळ पट्टी की मेण

क्लासिक घेतलंत तरच हा प्रश्न येतो. स्किन स्कीच्या तळाला पायाखाली मोहेअरची, म्हणजे शेळीच्या केसांची पट्टी असते. पुढे सरकते, मागे अडते, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखी. मेणाच्या स्कीवर तिथेच तापमान आणि बर्फ बघून पकडीचं मेण लावायचं. जमलं तर मेण अधिक चांगलं घसरतं. पण शून्याच्या आसपास नवा बर्फ पडला की भले भले हात टेकतात. टणक, पुन्हा गोठलेल्या बर्फावर क्लिस्टर लागतं. ते नळीतून निघणारं काकवीसारखं चिकट प्रकरण एकदा हातमोज्याला लागलं की दिवसभर सगळ्याला लागतं. पहिल्या वर्षी स्किन स्की घ्या, यावर मी वादही घालणार नाही.

स्कीची कमान (मधला उचललेला बाक) वजनाप्रमाणे निवडतात, त्यामुळे उंची सारखी असली तरी एकमेकांच्या स्की अदलाबदल करू नका. भाड्याने घेताना कागदाची परीक्षा करून बघा. दोन्ही स्कींवर समान वजन टाकून उभे राहिलात की एका स्कीखाली पायाच्या जागी ठेवलेला कागद ओढून सरकला पाहिजे. सगळं वजन त्या एका स्कीवर टाकलं की तो अडकला पाहिजे. बूट आणि बाइंडिंग एकाच पद्धतीचे आहेत ना, तेही दुकानातच पाय घालून बघा. आम्ही ते सुरुवातीच्या रेषेजवळ पाहिलं होतं.

कपड्यांचं एकच: रेषेवर उभं असताना थोडं गारठल्यासारखं वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर दोन किलोमीटरवर घामाघूम व्हाल. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत मार्गावरच्या सर्वांत थंड जागी उणे 20 च्या खाली तापमान गेलं तर शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. उणे 15 ला ती होतेच, आणि तेव्हा बर्फ वाळूसारखा खरखरीत असतो.

सुरुवातीला अंगावर घातलेले जाड कपडे पिशवीत भरून दिले की आयोजक ते शेवटी पोचवतात. दोघांच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. दुसऱ्या शर्यतीत आम्ही वेगवेगळे गेलो, भांडण झालं नाही, सगळं ठरल्याप्रमाणे. तो माझ्या 28 मिनिटं आधी पोचला. त्याच्या पिशवीत माझं कोरडं जाकीट होतं, माझ्या पिशवीत त्याचं, आणि गाडीची किल्ली माझ्या कमरेच्या पट्ट्यात, अजून साडेचार किलोमीटर लांब.