जिप्सीच्या मागच्या बाकावरून : निवृत्त मंडळींच्या फोर बाय फोर गटासोबत तीन रविवार

गाडी माझी नाही, हे आधीच सांगतो. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं, अठ्ठावन्नाला उतरलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. दारात एक स्कूटी आहे, तीही सुनेची. तरी छत्रपती संभाजीनगरातल्या निवृत्त लोकांच्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणाऱ्या गाड्यांच्या गटाबद्दल लिहायला बसलोय, कारण त्यांच्या गाड्यांत सीटा रिकाम्या राहतात आणि त्या ते आपल्यासारख्यांना देतात. गाडीवाले आपापल्या गाडीचं कौतुक करतातच. मागं बसणाऱ्याला कसं वाटतं ते मी सांगतो.

आमच्या गल्लीतले पाटबंधारेचे एक रिटायर इंजिनिअर या गटात आहेत. त्यांची जुनी जिप्सी. एक दिवस म्हणाले, "मामा, रविवारी काय करताय? चला की." मी म्हटलं, साहेब, आयुष्यभर लोकांना फिरवलं, आता मला कोणी फिरवत असेल तर नाही कशाला म्हणू. कारभारीण म्हणाली, "मी पण येते, घरी बसून काय करू." असे दोघं लागलो.

गटात दोन प्रकारच्या सहली असतात. एक अवघड वाटेची, तिला गाडीवालेच जातात. दुसरी 'सोशल', म्हणजे बायकामाणसांसह, डबे घेऊन, दिवेलागणीला घरी. मी लिहितोय ते या सोशल सहलीबद्दल. माणशी सहाशे रुपये. त्यात डिझेल-पेट्रोलची वाटणी, दोन वेळचा चहा आणि दुपारचं जेवण. एसटीत आम्हा दोघांनाही अर्धं तिकीट, मला वयाचं आणि तिला बाईमाणसाचं. इथं दोघांचे पूर्ण बाराशे. कारभारणीनं पहिल्या दिवशी हा हिशोब मला तीनदा ऐकवला. पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं मारता येत नाही, म्हणून हे लोक गाडीचं भाडं घेत नाहीत, झालेल्या खर्चाचीच वाटणी करतात. संध्याकाळी उरलेले पैसे परत देतात. म्हैसमाळच्या वेळी माणशी सत्तर रुपये परत आले. हे मला पटलं. कुणी यात धंदा काढला तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करील, हे त्यांनी ओळखून ठेवलेलं दिसतं.

आता दोष सांगतो, कारण तो मला सगळ्यात जास्त खुपतो. वेळ. कागदावर साडेसहा लिहिलेलं असतं. मी तिन्ही वेळा सहा वीसला हजर. गाड्या हलल्या सात पाच, सात दहा आणि सहा पन्नासला. एकाचं पेट्रोल भरायचं राहिलेलं, एकाच्या मंडळींचा स्वेटर राहिलेला, एक साहेब तर डबाच विसरून परत गेले. माझ्या कंट्रोलरनं यांच्यातल्या अर्ध्यांना मेमो दिला असता. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर या म्हणून सांगितलेले लोक आहेत हे.

पण एकदा हलले की शिस्त बघण्यासारखी. सगळ्यात पुढं वाट माहीत असलेला, सगळ्यात मागं ज्याच्याकडे दोर, फावडं, हवेचा पंप आहे तो. मधल्यांना एकच नियम : वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही. डोंगरात मोबाईलला रेंज नसते, तिथं हा नियम फोनपेक्षा कामाचा. एसटीत आमच्या दोन गाड्या एकामागं एक सोडल्या तरी पुढचा कधी मागं बघत नसे.

सीटांबद्दल नीट सांगतो, कारण बुकिंग करताना हे कुणी विचारत नाही. जिप्सीच्या मागं समोरासमोर दोन लांब बाक, पुढं बघायला मान वाकडी करायची. खाली पाट्यांचं, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांचं सस्पेन्शन. पाटे एसटीलाही होते, पण तिथं वर चाळीस माणसं बसली की पाटा नरमतो. जिप्सीत चार म्हातारी माणसं बसून त्याला फरक पडत नाही. नाथसागराच्या सहलीत प्रत्येक खड्डा माकडहाडाला कळला. थार उंच, आणि तीन दाराची असेल तर मागं जायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. लुगडं नेसलेल्या बाईनं हे कसं करायचं? एका मास्तरीणबाईंनी उपाय काढलाय. त्या घरून एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणतात, प्रत्येक थांब्यावर ते दारापाशी ठेवतात, सगळ्या बायका त्यावरून चढतात-उतरतात आणि शेवटी उतरणारी ते आत ओढते. लाखांच्या गाड्या आणि चढायला दीडशे रुपयांचं स्टूल! त्यातल्या त्यात जिम्नी बरी. चारच सीटा, पण दारं मागंही आहेत आणि स्प्रिंगा गुंडाळीच्या.

पहिली सहल नाथसागराची, पैठणच्या बाजूनं. पाणी उतरलेलं होतं. काठाच्या वाळूत जायच्या आधी सगळ्यांनी टायरची हवा बत्तीसवरून अठरावर आणली. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, म्हणून वाळूत बुडत नाही. हे मला नवीन होतं, आम्ही कधी हवा कमी केली नाही, वाढवलीच. सगळं छान, पण दोन गाड्या हौसेनं थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. तिथं बसलेला पक्ष्यांचा सगळा थवा उठून पलीकडे गेला. ते पक्षी अभयारण्य आहे. पक्षी बघायला आलो आणि पक्षीच घालवले, याला काय म्हणायचं? शिवाय पाणी हटलं की लोक त्या गाळावर पेरतात, गाळपेर. एका शेतकऱ्याचा नुकताच उगवलेला हरभरा आमच्या चाकापासून हातभर अंतरावर राहिला. तो नुसता उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. मला त्याच्या न बोलण्याचाच त्रास झाला. परतताना मी हे बोललो तेव्हा पुढच्या गाडीचे साहेब म्हणाले, पुढच्या वेळी गाड्या बंधाऱ्यावरच लावू. बघू.

दुसरी म्हैसमाळची. थंड हवा, गिरिजादेवीचं दर्शन, भजी. तिथं डांबरी रस्ता वरपर्यंत जातो, फोर बाय फोर कशाला लागतं ते मला कळलं नाही.

तिसरी जंजाळ्याची. ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस दोन दिवस आधी पडून गेलेला. वाट फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, उंडणगाव, अंभई. ही वाट मला पाठ आहे, उंडणगावला मुक्कामी गाडी मी वर्षभर नेली. सिल्लोडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका काढलेला, कपाशी फुटलेली, मिरचीवाल्यांच्या गोण्या रचून ठेवलेल्या. या वेळी मला एका रिटायर डॉक्टरांच्या नव्या थारमध्ये पुढची सीट मिळाली, कारभारीण जिम्नीत.

सिल्लोड सोडल्यावर वळणावर गाडी अडखळल्यासारखी वाटायला लागली. टायर कुचकुचत होते, स्टिअरिंग जड झालं होतं. मी गिअरच्या बाजूचा दांडा बघितला, फोर एचवर, म्हणजे चारही चाकांना जोर लावलेला.

"डॉक्टरसाहेब, डांबरावर हे कशाला?"

"ग्रिप चांगली राहते ना मामा."

मी समजावून सांगितलं. वळताना पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. या गाडीत पुढचं-मागचं एकत्र जखडलं की त्यांना वेगवेगळं फिरायला जागा राहत नाही. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक काढून घेतं, डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरांवर येतो. डॉक्टर म्हणाले, "सांध्यात वंगण नसल्यासारखं?" मी म्हटलं, तसंच समजा. त्यांनी लगेच टू एच, म्हणजे दोनच चाकांचा जोर टाकला. वळण सुतासारखं सरळ झालं. माणूस ऐकणारा होता, हे विशेष. साहेब लोक ड्रायव्हरचं ऐकत नाहीत असा माझा अनुभव होता.

जंजाळ्याची गंमत अशी की गाव आणि किल्ला एकाच पठारावर आहेत. चढ नाही, म्हणून म्हाताऱ्यांच्या सहलीला ही जागा निवडणाऱ्याचं मी अभिनंदन करतो. वैशागड म्हणतात त्या किल्ल्याला. घटोत्कच लेणी मात्र खाली दरीत, आणि परत वर यायचं असतं. माझ्या गुडघ्यांनी आधीच नकार दिला, मी वर दगडावर बसून राहिलो. खाली जाऊन आलेल्या इतिहासाच्या सरांनी सगळं सांगितलं : पाचव्या शतकातलं काम, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं खोदवलेलं, तसा शिलालेख तिथं आहे. अजिंठ्याची सोळा नंबरची लेणीही त्याच वराहदेवाची. इतकी वर्षं या भागात गाडी मारली, प्रवासी उतरवले, पण दरीत काय आहे ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. थांबायला वेळच नव्हता. पाच मिनिटांत डबल बेल.

जेवण पठाराच्या कडेला एका ओळखीच्या शेतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, धपाटे, आणि गाडग्यातलं दही. प्रत्येकानं आपापल्या डब्यातलंही काढलं. आमच्या हिनं मुरमुऱ्यांचा सुशीला नेला होता, तो पंधरा मिनिटांत संपला आणि तिचा बाराशे रुपयांचा राग तिथंच गेला.

परतताना गंमत संपली. डॉक्टरांना शॉर्टकट घ्यायची हौस आली, एका पाणंदीतनं. काळं रान, वरून सुकलेलं दिसत होतं, खाली लोणी. वीस पावलं गेलो आणि थार बसली. डॉक्टरांनी फोर एल, म्हणजे चार चाकांचा हळू पण जास्त जोराचा गिअर टाकला आणि पाय दाबला. दोनच चाकं भरारा फिरली, एक पुढचं, एक मागचं. बाकीची दोन हलली नाहीत. लोकांना वाटतं फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात. दोन बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल लॉक होत नसेल तर जे चाक सैल, जोर तिकडेच पळतो. काळ्या मातीची आणखी एक खोड, ती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर कुंभाराच्या मडक्यासारखा गुळगुळीत होतो. मग कितीही भारी टायर असो.

"पाय काढा साहेब," मी म्हटलं, "आता फिरवाल तितकं खाली जाल."

शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी हे बघत होती. तिच्या गोठ्याचा जुना कूड मोडून पडलेला होता, तुराट्यांचा. मी म्हटलं, "मावशी, दोन कवळ्या घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या की, मला काय चुलीलाच लागत्यात. पर फसायला आलाव काहून इकडं?" याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

चाकांपुढची माती कुदळीनं उकरली, खाचांतली काडीनं काढली, तुराट्या आडव्या घातल्या, हवा वीसवर आणली. लाल डबा फसला की आम्ही हेच करायचो, फक्त तेव्हा प्रवासी ढकलायला असायचे. मग फोर एल, पण दुसरा गिअर. पहिल्यात जोर इतका येतो की चाक पुन्हा घसरतं. डॉक्टरांनी मला चावी दिली. नऊ वर्षांनी मोठी गाडी हातात आली. हळूच क्लच सोडला, तुराट्या कडकडल्या, गाडी एक वीत सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मागून शेपटाच्या जिप्सीनं दोर लावून ठेवला होता. दोर ताणायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि दोरावर ओलं पोतं टाकलं, तुटला तर उसळू नये म्हणून. ही काळजी मी पहिल्यांदा बघितली, तिचे पूर्ण मार्क देतो. दोराची गरज पडली नाही.

म्हातारीला डॉक्टरांनी पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. आमच्या हिच्या डब्यात दोन धपाटे उरले होते, ते मात्र तिनं घेतले.

घरी पोचायला पावणेनऊ. दिवेलागणी कधीच टळली होती. बायकांची मोठी अडचण म्हणजे सिल्लोडचा पेट्रोल पंप सोडला तर दिवसभरात कुठं स्वच्छतागृह नाही. गटानं थांबे ठरवताना हे आधी बघावं, किल्ला नंतर. बायकांनी सकाळपासून पाणी कमी प्यायलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला हिनं घरी आल्यावर सांगितलं.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढं करावं : सीट कोणत्या गाडीत ते आधी विचारा, गुडघे दुखत असतील तर उतार किती ते विचारा, पाऊस पडून चार दिवसही झाले नसताना काळ्या रानात जायचं असेल तर त्या रविवारी घरी राहा. डबा स्वतःचा न्या. साडेसहाला नाही गेलात तरी चालेल, पण मी जाणार.

पुढची सहल कन्नड तालुक्यातल्या अंतूरची आहे. मी जिम्नीतली सीट सांगून ठेवली आहे. डॉक्टरांचा फोन आला होता, "मामा, थारमध्ये बसा, चालवायला तुम्हीच." हिला विचारून सांगतो म्हटलंय. तिनं तोवर बाजारातून एक स्टूल आणलंय, हिरवं.