आर्वीतलं फिजिओ क्लिनिक: नडगीचं दुखणं आणि पळायची भीती, दोन्ही घेऊन गेलो होतो

पाचपैकी पाच स्टार देऊन राहिलो. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात पळणाऱ्या माणसाचा पाय दुखला तर जावं कुठं हेच समजत नाही.

मी ४१ वर्षांचा, शेती करतो, कापूस, तूर नि थोडं सोयाबीन. मागच्या डिसेंबरात नागपूरला हाफ मॅरेथॉन मारली, २ तास ११ मिनिटं लागले, आणि घरी येता येताच ठरवून टाकलं की येत्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पळायची. ४२.१९५ किलोमीटर. आपल्या लोकांना सांगायचं तर पुलगाव ते आर्वी जुनी नॅरोगेज लाइन ३५ किलोमीटरची, तिच्याहून सात किलोमीटर जास्त. मे महिन्यात पहाटे साडेचारला उठून पाटाच्या रस्त्यानं पळायचो, सातनंतर तर ऊनच उभं राहू देत नाही. व्हॉट्सअपवर आलेला एक प्लॅन पकडला होता, त्यात तीन आठवड्यांत मी आठवड्याला २४ वरून ४५ किलोमीटरवर गेलो आणि नेमकी पेरणी, डवरणी त्याच दिवसांत. जुलैच्या मध्यात उजव्या नडगीत आतल्या बाजूनं दुखायला लागलं, आधी पळताना, मग बैलामागं चालताना, मग रात्री झोपेतही.

पहिले दुसऱ्या एका मोठ्या गावात दवाखान्यात दाखवलं. एक्स-रे काढला, काही निघालं नाही. मला सांगितलं, चाळिशी झाली, आता पळणं सोडा, गुडघे झिजवून घ्याल. दोन मिनिटं पण नाही बोलले. बूट मी मांडणीवर ठेवून दिले आणि पहाटे उठणंच बंद केलं. पाय दुखते ते एक, पण आपलं हे काही होणार नाही असं डोक्यात बसलं ना, ते फार वाईट. बायको एक दिवस म्हणे, "तुमी पहाटी उठत नाही तं घर सुनं सुनं लागते, जाऊन या ना कोणाकडं तरी." तिच्या म्हणण्यावरून आर्वीला गेलो.

क्लिनिक लहान आहे, खाली मेडिकल, वर दोन खोल्या. तिथल्या फिजिओ मॅडम आधी मशीनकडं गेल्याच नाहीत. पाय मांडीवर घेतला आणि अंगठा नडगीच्या कडेकडेनं घोट्यापासून वर दाबत नेला, एक एक बोट जागा, आणि दर वेळी विचारत होत्या, "दादा, इथं? बोटाच्या टोकाएवढं दुखते की वीतभर?" माझा तो वीतभर पट्टा होता. मग त्यांनी समजावून सांगितलं की एकाच बिंदूवर दुखलं असतं तर हाडाला बारीक तडा जायची शंका घ्यावी लागली असती. तसा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो. लांब पट्टा दुखतो म्हणजे बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त ताणानं नडगीच्या हाडाची कड दुखणं. आराम, मग पोटरीची ताकद, मग हळूहळू पळणं. एवढं साधं कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

आणि त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, की पळत नाही त्या दिवशी काय करता. मी म्हटलं रेस्ट. "रेस्ट म्हणजे काय करता?" मी सांगितलं फवारणी. पाठीवर १६ लिटरचा पंप, काळ्या मातीत, दिवसभर. त्या म्हणाल्या, मग हा रेस्ट नाही दादा, हा पण लोडच आहे, हाडाला काय माहीत तुम्ही पळून राहिले की पंप घेऊन चालून राहिले. शहरातल्या ऑफिसवाल्या माणसासाठी बनवलेल्या प्लॅनमध्ये हे कुठंच लिहिलेलं नसते. माझ्या मते माझा पाय त्या एका गोष्टीनं गेला, आणि शेती करून पळणाऱ्या प्रत्येकानं हे डोक्यात ठेवावं. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पळत नाही.

गुडघ्याचंही विचारून घेतलं, कारण ते वाक्य डोक्यातून जातच नव्हतं. त्यांनी २०१७ सालचा अभ्यास सांगितला, त्यात हौशीनं पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली आणि न पळणाऱ्यांत १०.२ टक्के. मला त्या खोलीतच मोकळं झाल्यासारखं वाटलं, खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

मग व्यायाम. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली. डाव्यानं २३ झाले, उजव्यानं ११ वरच थरथरायला लागला. दोन्ही पायांनी २५ जमेपर्यंत पळायचं नाही असं ठरलं. तीन आठवडे आराम आणि हा व्यायाम, मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा, एक दिवसाआड.

पाय बरा झाला पण भीती गेली नव्हती. पाटावर जाऊन उभा राहिलो आणि ते पहिलं एक मिनिट सुरूच करता येईना, सगळं ध्यान नडगीकडं. हे मॅडमला सांगितलं तर त्यांनी एक वही करायला लावली, दोन रकाने, दुखणं दहापैकी किती आणि भीती दहापैकी किती, दोन्ही वेगळे लिहायचे. पहिल्या दिवसाचं माझ्या वहीत आहे, दुखणं १, भीती ८. चौथ्या वेळी दुखणं ०, भीती ७. वही समोर ठेवून त्या म्हणाल्या, बघा, तुम्ही थांबता ते दुखण्यानं नाही. मलाही तेव्हाच दिसलं. मी इतके दिवस भीतीलाच दुखणं समजत होतो. त्यानंतर भीती ५ असली तरी निघायचो, दुखणं ३ च्या वर गेलं तरच थांबायचं हा नियम. एकदाच थांबलो, सप्टेंबरात, आणि दोन दिवसांनी परत नीट पळालो. तसं थांबून परत पळता आलं ना, त्यानंच खरा विश्वास आला.

दसऱ्याच्या आसपास सलग ३० मिनिटं झाली. माझे मिनिटाला १५६ पावलं पडत होते, ते मोबाइलवर टिक-टिक लावून १६४ वर आणायला लावले, पाऊल छोटं पडते आणि पायावरचा दणका कमी होतो.

कमी काय ते पण सांगतो. जिना उभा आहे, पाय दुखणाऱ्या माणसाला चढायला त्रास होते. नंबर लावून बसावं लागते, बाजाराच्या दिवशी दीड तास गेला माझा. आणि त्या मॅरेथॉनचे कोच नाहीत, पेस (पळायचा वेग), जेल (पळताना खायचं), लाँग रन (लांब पल्ल्याचं पळणं) याचं विचारलं तर सरळ म्हणाल्या की ते माझं काम नाही. मला त्यांचं ते बोलणं आवडलं पण प्लॅन तुम्हाला दुसरीकडून घ्यावा लागेल. फी माझ्याकडून पहिल्या वेळी ३००, नंतर २०० घेतली, एकूण सहा वेळा गेलो. दहा दिवस रोज शेक घ्या असलं पॅकेज गळ्यात मारलं नाही.

परवाच्या रविवारी २८ किलोमीटर झाले. घरी आलो तर बायकोनं वही नि पेन ओट्यावर काढून ठेवला होता. लिहिलं, दुखणं ०, भीती २. मुंबईचं तिकीट पुलगाववरून काढून ठेवलं आहे.

जाणार असाल तर वापरातले बूट सोबत न्या, त्या तळवे उलटे करून पाहतात. आणि आठवडाभर शेतात काय काम केलं ते कागदावर लिहून न्या.