गॅलेक्सी मोजायच्या कशा: कोरिलेशन फंक्शन की पॉवर स्पेक्ट्रम?

गॅलेक्सी अवकाशात कशाही विखुरलेल्या नाहीत, पुंजके आहेत, मधे मोठमोठ्या पोकळ्या आहेत, हे नकाशा बघूनच कळतं. पण कुठल्या अंतरावर किती गर्दी हे आकड्यात मांडायचं तर मुख्य रस्ते दोन.

कोरिलेशन फंक्शन समजायला सोपं. गॅलेक्सींच्या जोड्या मोजायच्या, मग तेवढ्याच भागात रँडम ठिपके टाकून त्यांच्याही जोड्या मोजायच्या आणि बघायचं की ठराविक अंतरावर खऱ्या जोड्या किती जास्त निघतात. सर्व्हेची (म्हणजे आकाशाच्या ज्या भागातल्या गॅलेक्सींची नोंद केली त्याची) वेडीवाकडी सीमा, तेजस्वी ताऱ्यांमुळे झाकलेले भाग, हे सगळं रँडम ठिपक्यांतच सांभाळलं जातं, म्हणून मला हे जास्त आवडतं. जोड्यांच्या आकड्यांवरून कोरिलेशन काढायचा 1993 चा लँडी-सालाय फॉर्म्युला अजूनही सर्रास वापरतात. त्रास म्हणजे डेटा वाढला की जोड्या मोजता मोजता कॉम्प्युटर घामाघूम, आणि शेजारच्या अंतरांचे एरर एकमेकांत गुंतलेले.

पॉवर स्पेक्ट्रममधे अंतराऐवजी लहरी: गर्दीचा नकाशा लहानमोठ्या लांबीच्या लहरींत मोडायचा आणि कुठल्या लहरीत किती जोर आहे ते बघायचं. एफएफटीने (लहरींत मोडायची कॉम्प्युटरची झटपट पद्धत) काम पटकन, मोठ्या स्केलवर थिअरीशी जुळवणंही सोपं. पण सर्व्हेचा आकार उत्तरात मिसळतो, तो निस्तरत बसा.

गंमत म्हणजे गणितात दोन्ही एकच, एकाचं फूरिए ट्रान्सफॉर्म (लहरींत मोडायचं गणित) म्हणजे दुसरं. 2005 मधे स्लोन सर्व्हेवाल्यांनी कोरिलेशनमधे साधारण 50 कोटी प्रकाशवर्षांवर एक उंचवटा दाखवला, म्हणजे त्या अंतरावर जोड्या जरा जास्त, आणि टूडीएफ या दुसऱ्या गॅलेक्सी सर्व्हेवाल्यांना तीच खूण स्पेक्ट्रममधे लाटांसारखी दिसली. उंचवटा डोळ्याला लगेच कळतो, लाटा वाचायला जरा सवय लागते.