खार जमिनीत भात: रहू की लावणी?

भात खारट पाण्यातही बऱ्यापैकी रुजतं, फक्त उशिरा. मिठामुळे दाण्याला पाणी ओढून घेणं जड जातं. खरी मर होते ती पुढे, दोन-तीन पानांच्या रोपात. निवड करायची ती हे धरून.

रहू पद्धतीत बियाणं 24 तास गोड्या पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात 24 ते 48 तास दडपतात आणि पांढरा मोड डोकावला की चिखलात फेकतात. रुजवण शेताबाहेर होते, लावणीची मजुरी वाचते. पण पावसाने चार दिवस दडी मारली की खाचर सुकतं, वर मिठाचा पांढुरका पापुद्रा येतो आणि कोवळी पानं शेंड्याकडून करपतात.

लावणीला माणसं जास्त. तरी रोप गोड्या जमिनीवर 25-30 दिवसांचं होतं, तोवर पावसाने खाचरातलं मीठ बरंच धुऊन जातं. उधाणात बांध गळत असेल तर लावणीच बरी, तीही पनवेल 3 सारख्या क्षारसहनशील वाणाची.

पोचट दाणे काढायला 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालता ना? मग बी लगेच गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, विहीर मचूळ असेल तर पावसाच्या पाण्याने.