कन्ना चौकातल्या अण्णांनी बनवलेला पाठीचा आकडा: आमच्या युनिटचा अनुभव

आमचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. एप्रिलपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मशीन थांबत नाही. मान खाली, दोन्ही हात पुढं. मग दुखायला लागतं ते फऱ्याच्या आणि मणक्याच्या मधल्या पट्टीत, नेमकं तिथं जिथं स्वतःचा हात पोचत नाही. आमच्यातल्या प्रत्येक बाईची हीच जागा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पाठीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा स्नायूंतल्या गाठींवर आयुष्यभर काम केलं. त्यांनी रूढ केलेला ‘ट्रिगर पॉइंट’ हा शब्द आता आमचे फिजिओथेरपिस्टही सहज बोलतात.

पाठीचा आकडा म्हणजे आपल्याच हातानं ही जागा दाबता येईल असा वाकडा दांडा. याआधी आमच्याकडं ऑनलाइन मागवलेला प्लास्टिकचा आकडा होता. ओढला की तोच वाकायचा, जोर पाठीपर्यंत पोचायच्या आधी दांड्यातच मुरायचा. वर मूठ इतकी उंचावर की ओढताना खांदे कानापर्यंत जायचे. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस स्नायू सैल करायचा म्हणून बसायचं आणि खांदा वर उचलून त्यालाच आवळायचं, याला काय अर्थ आहे? जो स्नायू दाबायचा तो दाबताना सैलच राहिला पाहिजे. माझ्या मते पाठीचं साधन चांगलं की वाईट हे इथंच ठरतं.

हे मी सोलापुरातल्या कन्ना चौकाच्या आतल्या गल्लीतल्या कातारी अण्णांना सांगितलं. त्यांची हयात यंत्रमागाच्या लाकडी भागांच्या कामात गेली. आता बिनधोट्याचे रॅपियर माग आले, तसं ते काम कमी झालंय, पण हात तोच आहे. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, एक जाड तार खांद्यावरून पाठीवर वळवली आणि मूठ बरगडीपाशी, कोपर अंगाला टेकलेलं राहील अशा बेतानं तिला बाक दिला. ब्लाउजचं माप घेताना आम्ही जेवढं बघतो, तेवढं त्यांनी बघितलं.

तारेबरहुकूम स्टीलचा पाइप वाकवला. वाकवण्याआधी आत कोरडी वाळू ठासून भरली, त्यामुळं बाक कुठंही चेपलेला नाही. टोकाला बाभळीचा कातीव गोळा, साधारण लिंबापेक्षा थोडा मोठा. पहिला गोळा बारीक होता, तो सुईसारखा टोचायचा आणि अंग आपोआप आकसायचं. अण्णांनी काही न बोलता दुसरा कातून दिला. खालच्या टोकाला दोन गोळे आहेत, मध्ये मणक्याला जागा सोडून. मणक्याच्या हाडावर दाब द्यायचाच नसतो, त्यामुळं ही जागा मला फार मोलाची वाटते. मुठीवर लाकडी नळी चढवलीय. बारीक दांडा आवळून धरावा लागतो आणि मनगट भरून येतं, जाड मुठीवर हात नुसता ठेवला तरी चालतो.

वापरायची रीत सोपी आहे. गोळा दुखऱ्या जागेवर टेकवायचा, मूठ हळूहळू खाली-पुढं ओढायची, अर्धा मिनिट तसंच धरून सावकाश श्वास सोडायचा. घासायचं नाही. दाब ‘हां, इथंच’ म्हणण्याइतका असावा. दात आवळले गेले तर जास्त झाला असं समजा.

उणिवाही सांगते. वजन प्लास्टिकपेक्षा बरंच जास्त आहे. तेलाच्या हातानं मूठ सटकते, म्हणून आम्ही तिच्यावर जुन्या टेरी टॉवेलची पट्टी गुंडाळून टाके घातले. गोळ्याचा नट अधूनमधून ढिला होतो, घट्ट करावा लागतो. आणि एकच माप सगळ्यांना बसत नाही. आमच्या ठेंगण्या अक्कांना माझा आकडा लांब पडला, गोळा कमरेकडं घसरायचा. तिथं, बरगड्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं असतात, जोरानं दाबायची ती जागा नव्हे. अक्कांचा आकडा अण्णांनी वेगळा, आखूड बाकाचा केला. आता कातरकाम करणाऱ्या मावशीही तोच मागून नेतात.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दुखणं हातात उतरत असेल, बोटं बधिर होत असतील, तर आकड्यानं भागवू नका, सरळ दाखवून घ्या.

किंमत प्लास्टिकपेक्षा जास्त पडते, पण माप घेऊन केलेल्या वस्तूला मी ती महाग म्हणणार नाही. जाताना ज्याच्यासाठी करायचाय त्या माणसालाच घेऊन जा, नुसती उंची सांगून काम होत नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळेला दुकान बंद असतं, आणि अण्णा घाई केलेली अजिबात खपवून घेत नाहीत.